‘मामा, आज आपण हरायला पाहिजे’

लंडनमधली रात्री आठची मॅच आपल्याकडे साडेबाराला सुरू होते. १४ मे २०२४ ची रात्र होती. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात भाचा आणि त्याचा मित्र टीव्हीसमोर फतकल मारून बसले होते. उकाड्यामुळे गॅलरीचं दार सताड उघडं होतं आणि शेजारपाजार झोपलेला, म्हणून आवाज बारीक. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला फुटबॉल सामना, टॉटनहॅम विरुद्ध मँचेस्टर सिटी. दोघंही शाळेपासूनचे टॉटनहॅमवाले. मी सहज विचारलं, "काय, जिंकताय का आज?"

भाचा म्हणाला, "मामा, आज आपण हरायला पाहिजे."

मित्र उसळलाच. "हरायला पाहिजे म्हणजे? चौथा नंबर नको का आपल्याला?" मग मॅच राहिली बाजूला आणि अर्धा तास या दोघांचीच जुंपली.

भांडणाचं मूळ गुणतक्त्यात होतं. टॉटनहॅमचं हाडवैर आर्सेनलशी. आर्सेनलचे ३७ सामन्यांत ८६ गुण झाले होते, सिटीचे ३६ सामन्यांत ८५. गुण सारखे झाले तर पाहायचा गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) आर्सेनलचा सरस. म्हणजे टॉटनहॅमनं सिटीला नुसतं बरोबरीत रोखलं असतं, तरी शेवटच्या दिवशी आर्सेनल पहिल्या जागेवरून मैदानात उतरलं असतं, २००४ नंतरच्या पहिल्या लीग विजेतेपदासाठी. पण टॉटनहॅमचा स्वतःचाही डाव अजून संपला नव्हता. त्यांचे ६३ गुण होते, चौथ्या जागेवरच्या ॲस्टन व्हिलाचे ६८, आणि चौथी जागा म्हणजे चॅम्पियन्स लीगचा, युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, दरवाजा. उरलेले दोन्ही सामने जिंकले तर टॉटनहॅमचे ६९ होणार होते. भाच्याचं म्हणणं होतं की व्हिला शेवटच्या सामन्यात काही हरत नाही, मग आपण घाम गाळून आर्सेनलच्या गळ्यात हार का घालायचा?

८६ वं मिनिट. सिटी १-० नं पुढे. टॉटनहॅमचा कर्णधार सोन ह्युंग-मिन चेंडू घेऊन एकटा सुटला, समोर फक्त बदली गोलरक्षक ऑर्टेगा. त्या क्षणी मी टीव्हीकडे नव्हे, भाच्याकडे पाहत होतो. तो गुडघ्यांवर उठला होता आणि त्याच्या तोंडून "मार!" निघून गेलं होतं. ऑर्टेगानं पाय घालून चेंडू अडवला. भाच्याचे हात डोक्यावर गेले, तिथेच राहिले, आणि काही सेकंदांनी त्याला आठवलं की आपल्याला तर हेच हवं होतं. पाचेक मिनिटांत पेनल्टीवर सिटीनं २-० केलं. तिकडे टॉटनहॅमच्या स्वतःच्या मैदानात त्यांचेच चाहते आर्सेनलला चिडवणारी गाणी म्हणत होते. प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू मात्र मॅचनंतर उघडउघड संतापलेले दिसले.

त्या गुडघ्यांवर उठण्यानं मला विचारात पाडलं. त्याचा हिशेब हार मागत होता आणि शरीर गोल मागत होतं.

या दोन मागण्यांपैकी एकीचं मूळ मेंदूत शोधता येतं. २०११ मध्ये मिना सिकारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन कट्टर वैरी बेसबॉल संघांच्या, बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीजच्या, चाहत्यांना एमआरआय यंत्रात झोपवून खेळातले प्रसंग दाखवले. मेंदूच्या आत खोलवर व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचा भाग असतो. बक्षीस, पैसा, आवडीचं खाणं मिळालं की तो सक्रिय होतो. आपला संघ यशस्वी झाला तेव्हा तो सक्रिय झालाच, पण वैऱ्याचा संघ फसला तेव्हाही झाला. दुसऱ्याची फजिती ही चाहत्याच्या मेंदूला खरीखुरी मिळकत वाटते. तेव्हा भाच्याला वेड्यात काढायचं कारण नाही. त्याच्या खात्यात आर्सेनलचं हुकलेलं विजेतेपद खरोखर जमा होणार होतं.

आणि त्याचा तो ‘आपण’ शब्द! रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे, आणि फोनवर विचारलं की मुलं सांगायची, ‘आपण जिंकलो’. हरल्यावर मात्र तेच वाक्य ‘ते हरले’ असं व्हायचं. माणूस विजयात शिरतो आणि पराभवातून अंग काढून घेतो. भाचा मात्र पराभवाच्या आधीच ‘आपण’ म्हणत होता, कारण त्याच्या लेखी हा पराभव नव्हताच.

इथवर चाहत्याचं झालं. चाहता काहीही इच्छू शकतो, त्याच्या इच्छेनं चेंडू हलत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: प्रत्यक्ष संघालाच हरण्यात फायदा असेल तर?

असं घडलेलं आहे, आणि सगळ्यात विलक्षण प्रसंग २७ जानेवारी १९९४ चा. कॅरिबियन कपची पात्रता फेरी, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. आयोजकांनी ठरवलं होतं की एकही सामना बरोबरीत सोडायचा नाही. बरोबरी झाली की अतिरिक्त वेळ, त्यात पहिला गोल करणारा जिंकला, आणि तो गोल दोन गोल म्हणून मोजायचा. बार्बाडोसला पुढे जायला दोन गोलांच्या फरकानं विजय हवा होता. ते २-० नं पुढे होते, सगळं सुरळीत चाललं होतं. ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडानं एक गोल फेडला. २-१. आता बार्बाडोस जिंकत होतं आणि तरी स्पर्धेबाहेर जात होतं.

चार-पाच मिनिटं त्यांनी तिसरा गोल मिळवायची धडपड केली. मग त्यांच्या लक्षात आलं की तिसऱ्या गोलापेक्षा बरोबरी सोपी आहे. बरोबरी झाली तर अतिरिक्त वेळ मिळेल आणि तिथला एकच गोल दोनाचा भाव देईल. ८७ व्या मिनिटाला बार्बाडोसच्या बचावपटूनं आणि गोलरक्षकानं चेंडू आपसात खेळवला आणि शांतपणे आपल्याच जाळ्यात मारला. २-२.

ग्रेनाडाला उमगलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती. त्यांच्यासाठी आता ३-२ नं जिंकणं आणि २-३ नं हरणं, दोन्ही सारखंच लाभाचं होतं. म्हणजे कोणत्याही जाळ्यात एक गोल. ते स्वतःच्या गोलकडे धावू लागले, आणि बार्बाडोसचे खेळाडू मैदानाची दोन्ही टोकं राखू लागले: आपला गोलही वाचवायचा आणि प्रतिस्पर्ध्याचाही! फुटबॉलच्या इतिहासात असा बचाव कुणाला करावा लागला नसेल. अतिरिक्त वेळेत बार्बाडोसनं तो दुहेरी गोल केला आणि ४-२ नं पुढे गेलं.

त्या बचावपटूला मी अप्रामाणिक म्हणणार नाही. तो स्पर्धा जिंकायला आला होता आणि नियमांनी दाखवलेल्या वाटेनंच गेला. नियम बनवताना कुणीतरी कागदावर एवढंच विचारायला हवं होतं: ‘एखाद्या संघाला गोल खाल्ल्यानं फायदा होईल अशी एकतरी स्थिती यातून निघते का?’ अर्थशास्त्रात नेमका हाच प्रश्न विचारणारी एक शाखा आहे. माणसं स्वतःचा फायदा बघणारच हे गृहीत धरायचं, आणि तो फायदा बघताना त्यांच्या हातून आपल्याला हवं तेच घडेल असे नियम बांधायचे. लिओनिद हुर्विच, एरिक मॅस्किन आणि रॉजर मायरसन यांना २००७ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच नियमरचनेच्या सिद्धांताच्या पायाभरणीसाठी मिळालं. लिलाव, मतदान, शाळाप्रवेश, सगळीकडे हा विचार लागू पडतो. खेळात त्याची कसोटी एका वाक्याची: जास्त चांगलं खेळून कुणाचं कधीही नुकसान होता कामा नये.

या कसोटीवर बऱ्याच नामांकित स्पर्धा नापास होतात. १९९८ च्या टायगर कपमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, थायलंड आणि इंडोनेशिया दोघेही उपांत्य फेरीत आधीच पोहोचले होते. जिंकणाऱ्याला हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळावं लागणार होतं, हरणाऱ्याला आहे त्याच शहरात सिंगापूरशी. २-२ असताना भरपाई वेळेत इंडोनेशियाच्या मुरसिद एफेंदीनं आपल्याच जाळ्यात चेंडू मारला. फिफानं दोन्ही संघांना ४०,००० डॉलरचा दंड केला आणि एफेंदीवर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये आजन्म बंदी घातली. पुढे इंडोनेशिया त्या ‘सोप्या’ सिंगापूरकडून हरलं आणि करंडकही सिंगापूरनंच नेला.

आपल्या जवळची जखम लंडन ऑलिम्पिकमधली, २०१२ ची. बॅडमिंटनमध्ये त्या वर्षी प्रथमच बाद फेरीआधी साखळी फेरी आणली. महिला दुहेरीत चीनची अव्वल जोडी गट जिंकली असती तर अंतिम फेरीआधीच दुसऱ्या चिनी जोडीशी गाठ पडली असती. समोरच्या कोरियाच्या जोडीलाही जिंकण्यात रस नव्हता. मग सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात जाऊ लागल्या आणि पैसे मोजून आलेले प्रेक्षक हुर्यो करू लागले. दुसऱ्या एका सामन्यातही तेच झालं. चार जोड्या, आठ खेळाडू स्पर्धेबाहेर. त्याच फेरीत आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन सामने जिंकूनही अवघ्या एका पॉइंटच्या फरकानं बाहेर पडल्या. त्यांच्या गटातल्या जपान-तैवान सामन्याबद्दल भारतानं तक्रार केली, ती फेटाळली गेली. खेळाडूंना घरी पाठवलं. नियम करणाऱ्यांतलं कुणी घरी गेल्याचं मला तरी आठवत नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

औषध तसं साधं होतं. गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची पुढची गाठ आधीच न ठरवता साखळी संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवायची. बॅडमिंटन संघटनेनं नंतर तेच केलं. आमच्या भागातल्या पोरांच्या उन्हाळी फाइव्ह-ए-साइड स्पर्धेत गेली काही वर्षं स्टीलच्या डब्यातून अशाच चिठ्ठ्या निघतात. समोर कोण येणार हे ठाऊक नसलं की मुद्दाम हरायला कारणच उरत नाही.

सगळी दुखणी चिठ्ठीनं बरी होत नाहीत. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोन इथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना १-० हा निकाल दोघांनाही पुढे नेतो हे आधीच माहीत होतं, कारण अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी संपला होता. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरला. अल्जीरिया बाहेर. १९८६ पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात ते यामुळे.

युरोपातल्या देशांत आणखी एक सूक्ष्म छिद्र होतं. देशातल्या बाद पद्धतीच्या कपचा विजेता लीगमधूनच चॅम्पियन्स लीगला पात्र झाला, तर त्याची युरोपा लीगची (युरोपातल्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेची) मोकळी जागा कपच्या उपविजेत्याला मिळायची. आता समजा, मी कपच्या अंतिम सामन्यात तुमच्याकडून हरलो आहे आणि लीगमध्ये आपला सामना बाकी आहे. तुम्ही वर चढलात तर माझी जागा पक्की. मी तुम्हाला हरवू कशाला? दिमित्री दागाएव आणि कॉन्स्टन्टिन सोनिन यांनी अशा स्पर्धांचं गणितच मांडून दाखवलं. २०१५-१६ च्या मोसमापासून ही जागा उपविजेत्याला न देता लीगमधल्या पुढच्या संघाला मिळू लागली.

पण हिशेब करून हरणाऱ्याची एक अडचण अशी की त्याला भविष्य ठाऊक असावं लागतं. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि बेल्जियम समोरासमोर आले तेव्हा दोघांचे गुण ६, दोघांचे गोल ८, दोघांनी खाल्लेले २. दुसऱ्या क्रमांकाची वाट सोपी दिसत होती, ब्राझील आणि फ्रान्स दुसऱ्या बाजूला होते. हरावं का, यावर इंग्लंडमध्ये जोरात वाद झाला. बेल्जियम १-० नं जिंकलं, ‘अवघड’ वाटेनं ब्राझीलला हरवून उपांत्य फेरीत गेलं. इंग्लंडही ‘सोप्या’ वाटेनं तिथवरच पोहोचलं. आणि तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा हेच दोघे भेटले तेव्हाही बेल्जियमच जिंकलं.

बुद्धिबळात स्विस पद्धतीच्या, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालणाऱ्या, स्पर्धेत सुरुवातीला अर्धा-एक गुण सोडला की पुढचे प्रतिस्पर्धी हलके मिळतात, म्हणून ‘स्विस गँबिट’ हा शब्दच रूढ आहे. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ च्या ग्रँड स्विसमध्ये पहिलाच डाव हरला होता. तो डाव त्यानं सोडला नव्हता, लढून गमावला होता. पुढे त्यानं ११ फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवत स्पर्धा जिंकली. पण ते हलक्या प्रतिस्पर्ध्यांच्या कृपेनं नव्हे. जिंकत गेला की स्विस पद्धत त्याला पुन्हा तगड्यांसमोरच आणून बसवते, आणि तिथे बसून तो जिंकला.

१९ मे २०२४, रविवार. लीगचा शेवटचा दिवस. टॉटनहॅमनं शेफिल्ड युनायटेडला ३-० नं हरवलं. सिटी ९१ गुणांवर विजेता, आर्सेनल ८९. आणि ॲस्टन व्हिला, जी हरणारच नव्हती, ती क्रिस्टल पॅलेसकडून ५-० नं हरली. तिचे गुण राहिले ६८.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आणि त्याचा मित्र मला मिसळ खायला घेऊन गेले. पापड येईपर्यंत मित्रानं खिशातल्या पावतीच्या पाठीवर बेरीज मांडली: ६३ अधिक ३ अधिक ३, बरोबर ६९. त्या मंगळवारी सिटीला हरवलं असतं तर चौथी जागा टॉटनहॅमची होती. मी म्हटलं, व्हिलाची जागा पक्की होऊन गेली होती, गरज असती तर ते इतके ढिले खेळले नसते. मित्र म्हणाला, "असेल मामा, पण संधी तरी राहिली असती ना." भाच्यानं पेन घेतलं, त्याच पावतीवर खाली लिहिलं: सिटी ८८, आर्सेनल ८९, आर्सेनल चॅम्पियन.

मित्रानं ६९ भोवती गोल काढला. भाच्यानं ‘आर्सेनल चॅम्पियन’ भोवती गोल काढला, त्यावर फुली मारली, आणि पावती माझ्याकडे सरकवली.