समीक्षक मंडळांचा अ‍ॅनिमेशनपट पुरस्कार

एखाद्या शहरातील किंवा प्रदेशातील चित्रपट समीक्षकांचे मंडळ वर्षातील सर्वोत्तम पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाला देते तो पुरस्कार. यात प्रदेश पाहिला जातो तो मत देणाऱ्यांचा. चित्रपट कुठलाही असू शकतो. लॉस एंजेलिसच्या मंडळाने २०१६ साली जपानी 'युअर नेम' आणि २०२४ साली लॅटव्हियाचा, एकही संवाद नसलेला 'फ्लो' निवडला. बेळगाव-निपाणी पट्ट्यात कोणत्याही पुरस्काराचे नाव निघाले की 'मराठी की कन्नड?' हा प्रश्न आधी येतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

सरकारी पुरस्कारापेक्षा याची रीत वेगळी असते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी निर्मात्याला प्रवेशिका आणि सेन्सॉर प्रमाणपत्र द्यावे लागते. तिथे अ‍ॅनिमेशनपटाचा स्वतंत्र विभाग २००६ च्या चित्रपटांपासून आला. समीक्षक मंडळे सहसा प्रवेशिका मागवत नाहीत. वर्षभरात प्रदर्शित झालेले चित्रपट सदस्यांनी स्वतः पाहायचे आणि वर्षअखेरीस मते द्यायची.

न्यूयॉर्कचे मंडळ १९३५ चे, लॉस एंजेलिसचे १९७५ चे. लॉस एंजेलिसकरांनी अ‍ॅनिमेशनचा पुरस्कार १९८९ मध्ये सुरू केला आणि पहिला मान 'द लिटल मर्मेड'ला मिळाला. ऑस्करमध्ये असा विभाग २००१ च्या चित्रपटांपासून, म्हणजे एक तपानंतर आला. लॉस एंजेलिसच्या पुरस्कारात सुरुवातीला लांबीची अट ढिली होती. १९९३ साली कॅनडाचे अ‍ॅनिमेशनकार फ्रेडरिक बॅक यांच्या लघुपटालाही हा पुरस्कार मिळाला.

या पुरस्काराचे खरे मोल २००८ मध्ये दिसले. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्याच मंडळाने 'वॉल-ई'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले, पण अ‍ॅनिमेशनचा पुरस्कार मात्र 'वॉल्ट्झ विथ बशीर'ला दिला. वरकरणी हा घोळ वाटतो, पण नियमात बसणारा आहे: दोन विभागांची मोजणी वेगळी होते, आणि मोठा पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाला पुन्हा लहान देण्यापेक्षा दुसऱ्या चांगल्या कामाकडे लक्ष वेधावे असे सदस्यांना वाटू शकते. इस्रायली दिग्दर्शक अरी फोलमन यांच्या या 'बशीर'बद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. खऱ्या चित्रणावरून रेषा गिरवून तो केला, असे बरेच जण लिहितात. प्रत्यक्षात आकृत्यांचे तुकडे फ्लॅश या संगणक प्रणालीत हलवून आणि त्याला हाताच्या चित्रांची जोड देऊन तो तयार झाला.

पात्रतेसाठी बहुतेकांना ऑस्करची मोजपट्टी सोयीची पडते: लांबी ४० मिनिटांपेक्षा जास्त, एकूण वेळेच्या किमान ७५ टक्के भाग अ‍ॅनिमेशनचा, आणि प्रमुख पात्रांपैकी बरीच अ‍ॅनिमेशनमधली. म्हणजे १०० मिनिटांच्या चित्रपटात आजोबा नातवाला गोष्ट सांगतात तो खराखुरा चित्रित भाग ३० मिनिटांचा असेल, तर तो बाद. नुसते मोशन कॅप्चर, म्हणजे नटाच्या हालचाली यंत्राने टिपणे, अ‍ॅनिमेशन धरले जात नाही. व्हीएफएक्सने, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यकरामतींनी भरलेला पौराणिक चित्रपटही यात बसत नाही, हे प्रेक्षकांना पटवणे सोपे नसते.

'हालचाल तुटक आहे' हा शेराही जपून मारावा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. ९० मिनिटांच्या चित्रपटात त्या १,२९,६०० होतात. हाताने काढलेल्या कामात एक चित्र दोन चौकटींना धरण्याची पद्धत जुनी आहे, म्हणजे ६४,८०० चित्रे. ती शैली असते, दर वेळी पैशाची तंगी नव्हे. याउलट ओठांचा मेळ बसत नसेल तर आधी आपण डब केलेली आवृत्ती पाहतो आहोत का ते तपासावे; दोष बहुधा तिथे सापडतो.

मतदानाची प्रचलित पद्धत ३-२-१ गुणांची: प्रत्येक सदस्य तीन चित्रपटांची यादी देतो, त्यात पहिल्याला ३, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला १ गुण. समजा मतदार १५ आहेत. 'क' चित्रपटाला पाच जणांनी पहिला क्रमांक दिला आणि बाकी कुणी यादीतच घेतले नाही: १५ गुण. 'ख' दोघांच्या यादीत पहिला, सहा जणांच्या दुसरा, चौघांच्या तिसरा: ६ + १२ + ४ = २२. 'ख' पुढे गेला, आणि तो १२ याद्यांत असल्याने निम्म्याहून अधिक याद्यांत नाव हवे अशी अट असेल तर तीही पाळली गेली. पहिल्या दोघांत पुन्हा थेट मत घेतले तर निकाल फिरू शकतो. म्हणून फेऱ्या किती आणि बरोबरी झाल्यास काय, हे मतपत्रिका वाटण्यापूर्वी कागदावर हवे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो न पाहिलेल्या चित्रपटांमुळे. 'कार्टून पिच्चर पोरांचे' म्हणून सदस्य वर्षभर टाळतात आणि शेवटी ज्याचे पोस्टर आठवते त्याला गुण देतात. उपाय साधा आहे: अंतिम यादीतले सगळे चित्रपट पाहिल्याची सही दिल्याशिवाय या विभागात मत नाही.

सीमाभागात असा पुरस्कार द्यायचा झाला तर अडचण वेगळी. २०२५ च्या जुलैत आलेला 'महावतार नरसिंह' हिंदी आणि कन्नड दोन्हींत होता. खानापूरच्या मराठी समीक्षकाने हिंदी पाहिला आणि चिकोडीच्या कन्नड समीक्षकाने कन्नड, तर दोघांचे गुण एकाच चित्रपटाला मिळतात. डब आवृत्तीला सेन्सॉरचे वेगळे प्रमाणपत्र लागते, पण म्हणून यादीत दोन नोंदी करू नयेत, मते फुटतात. संवाद आणि आवाज यांना वेगळा पुरस्कार असेल तरच आवृत्ती लिहावी.

दुसरा पेच प्रदर्शनाच्या तारखेचा. कोल्हापूरच्या पडद्यावर लागलेला चित्रपट बेळगावात लागेलच असे नाही. ओटीटीवर आलेला मात्र सगळीकडे एकदमच येतो. त्यामुळे 'जिल्ह्यात लागलेला' ही अट घातली की यादी दोन-तीन चित्रपटांवर येते, आणि दोनांतून सर्वोत्तम निवडण्यात फारसा अर्थ नसतो. देशभरातले पहिले प्रदर्शन धरावे. जुने चित्रपट नव्याने लागतात त्यांचाही निकाल आधी लावावा: भारत आणि जपान यांच्या सहकार्यातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेले अ‍ॅनिमेशन 'रामायण' जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आले. त्याला नवा चित्रपट धरले तर त्या वर्षीच्या तरुण दिग्दर्शकांवर अन्याय होतो. विशेष उल्लेखाची तरतूद ठेवावी. आणि यादीत पाचही चित्रपट जमले नाहीत, तर त्या वर्षी पुरस्कार न देण्याचा अधिकार मंडळाने नियमातच राखून ठेवावा.