सीडी-प्रतीकरण व त्यातील मंदगती

सीडी-प्रतीकरण : प्रकाशकीय तबकडीवरील (सीडी, डीव्हीडी) माहिती वाचून कोऱ्या तबकडीवर जशीच्या तशी उतरविण्याची क्रिया. कोल्हापुरात हिला ‘सीडी राइट करणे’ किंवा ‘कॉपी मारणे’ म्हणतात आणि ज्या यंत्रावर ती होते त्याला नुसते ‘रायटर’. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे एका दोषाविषयी आहे : संगणकावर विंडोज नव्याने टाकल्यावर किंवा लेखनाच्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती घातल्यावर, रायटर तोच आणि कोऱ्या सीडीही त्याच असताना प्रत निघायला दुप्पट-तिप्पट वेळ लागणे. दोष बहुधा रायटरचा नसतो. पण संशय प्रथम त्याच्यावरच जातो आणि धडधाकट रायटर भंगारात निघतो. म्हणून त्याचा विचार येथे विस्ताराने केला आहे.

बाबूराव पेंटर यांच्या काळापासून (सु. १९१७-१८) कोल्हापूर चित्रपटनिर्मितीचे गाव असल्याने येथील सीडीच्या व्यवसायाचे मूळ त्या परंपरेत शोधण्याचा मोह होतो. त्यापेक्षा लग्नाच्या व्हिडिओ चित्रीकरणाशी असलेले त्याचे नाते अधिक जवळचे दिसते. व्हिडिओ सीडीचे मानक १९९३ चे. एका सीडीवर सव्वा तासाच्या आसपास चित्रीकरण मावते, त्यामुळे तीन तासांच्या लग्नाला तीन सीडी आणि नवरा-नवरी दोन्हीकडच्या पाहुण्यांसाठी त्यांचे अनेक संच. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की प्रत किती मिनिटांत निघते यावर दिवसाचा हिशेब ठरे. पुढे डीव्हीडी आणि मग पेनड्राइव्ह आल्यावर हे काम ओसरले.

वेगाचे एकक : सीडी मूळ वेगाने, म्हणजे ‘एकपट’ वेगाने, सेकंदाला ७५ खंड (सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे) वाचते. गाण्यांच्या सीडीत एका खंडात ध्वनीचे २,३५२ बाइट असतात. माहितीच्या सीडीत त्यांतील २,०४८ वापरकर्त्याच्या वाट्याला येतात. उरलेले खंडाचा पत्ता आणि चूक शोधून दुरुस्त करण्याची सोय यांत खर्च होतात. सेकंदाला १५० किलोबाइट हा परिचित आकडा येथून आला. डीव्हीडीचा एकपट वेग मात्र सेकंदाला सु. १,३८५ किलोबाइट, म्हणजे सीडीच्या नऊपट. सीडीचा ५२ पट आणि डीव्हीडीचा १६ पट यांची सरळ तुलना केली तर १६ हा आकडा लहान दिसतो. प्रत्यक्षात पहिला सेकंदाला ७.८ मेगाबाइटच्या जवळ आणि दुसरा २२ च्या जवळ आहे. संगणकाच्या आतला रस्ता अरुंद झाल्यावर सीडी कशीबशी निभते आणि डीव्हीडी अडते, ती या फरकामुळे.

एकपट वेगाने पूर्ण सीडीला ७४ मिनिटे लागत. हा ७४ चा आकडा कोठून आला याविषयी मतभेद आहेत. एक विख्यात पाश्चात्त्य संगीतरचना सलग मावावी म्हणून सोनीने त्याचा आग्रह धरला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. फिलिप्समधील अभियंते केस इमिंक यांच्या मते निर्णय मुळात व्यावहारिक होता : ११.५ सेंमी. व्यासाच्या तबकडीसाठी फिलिप्सच्या बाजूचा, पॉलिग्रामचा, हानोव्हर येथील कारखाना आधीच सिद्ध होता; तो लाभ प्रतिस्पर्ध्याला मिळू नये म्हणून सोनीने १२ सेंमी.चा व्यास पुढे केला, आणि ७४ मिनिटे त्या आकारातून आली. इमिंक त्या कामात स्वतः सहभागी असल्याने त्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडी नंतर आल्या.

मंदगतीचे प्रमुख कारण : जुन्या संगणकात रायटर चपट्या, रुंद आयडीई केबलने जोडलेला असे. माहिती रायटरपासून स्मृतीपर्यंत नेण्याच्या दोन रीती आहेत. ‘डीएमए’त ती प्रोसेसरला मध्ये न घेता परस्पर जाते, ‘पीआयओ’त प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो. पीआयओची चौथी, त्या काळी नेहमी वापरात असलेली सर्वांत वेगवान पायरी कागदोपत्री सेकंदाला १६.६ मेगाबाइट देते, हाती त्याहून बरेच कमी लागते. विंडोज २००० व एक्सपी यांत अशी तजवीज आहे, की केबलवरून येताना माहिती बिघडण्याच्या किंवा उत्तर वेळेत न येण्याच्या एकूण सहा चुका झाल्या की प्रणाली डीएमएची एकेक पायरी उतरत अखेर पीआयओवर येते आणि आपण होऊन परत वर चढत नाही. खराब सीडीही या चुका घडवू शकते. नव्याने टाकलेल्या प्रणालीत मदरबोर्डचा खास ड्रायव्हर (यंत्रभाग चालविणारा प्रोग्रॅम) राहून गेला आणि सामान्य ड्रायव्हरवर काम चालू झाले, तरी परिणाम तोच होतो.

लक्षण ओळखायला घड्याळ आणि माउस पुरतात. ४.७ जीबीची डीव्हीडी एकपट वेगाने सु. ५७ मिनिटांत आणि आठपट वेगाने, आरंभ व समाप्ती धरून, साधारण आठ-नऊ मिनिटांत होते. वेग आतल्या कडेला कमी असून बाहेर सरकताना वाढत असेल तर ते यंत्राचे स्वाभाविक वर्तन होय. ५२ पट हा आकडा फक्त बाहेरच्या कडेचा असतो आणि अर्धवट भरलेली सीडी तेथवर पोचतच नाही. वेग एका आकड्यावर खिळून राहिला, प्रोसेसर पूर्ण गुंतला आणि माउस अडखळू लागला, तर पीआयओ समजावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेलच्या प्रगत पानावर चालू रीत लिहिलेली असते. ते चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केला की प्रणाली त्याला नव्याने ओळखते आणि सहसा डीएमए परत येतो. त्याआधी केबल पाहावी. ४० तारांची आणि ८० तारांची केबल दोन्ही ४० पिनांच्या सॉकेटात बसतात. वेगवान डीएमएला ८० तारांचीच लागते. सैल किंवा दुमडलेली केबल तशीच ठेवली तर सहा चुका पुन्हा भरतात. आयडीईच्या जागी साटा ही नवी जोडणी आल्यावर हा दोष जवळजवळ नाहीसा झाला.

लिनक्समध्ये २.४ वरून २.६ कर्नेलवर (प्रणालीच्या गाभ्याच्या पुढच्या आवृत्तीवर) जाताना याच जातीचा त्रास झाला. सीडीरेकॉर्ड या प्रोग्रॅमला रायटरचा पत्ता जुन्या ‘एटॅपी’ पद्धतीने दिला तर डीएमए अजिबात मिळत नसे, आणि प्रोग्रॅम तसा इशाराही देई. यंत्राचे नाव थेट दिल्यास मिळे.

इतर कारणे : लेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या सवयी (सेटिंग) पुसून स्वतःच्या ठेवते. लेखनानंतर पडताळणीची खूण लागलेली असली तर वेळ दुपटीच्या घरात जातो आणि बिघाड काहीच नसतो. वाचक आणि रायटर एकाच केबलवर असताना थेट प्रत काढली तर दोघांना आळीपाळीने थांबावे लागते. आधी हार्ड डिस्कवर प्रतिमा (सीडीची संपूर्ण नक्कल असलेली फाइल) घेणे बरे. बफर (लिहायची माहिती तात्पुरती साठविण्याची रायटरमधील जागा) रिता झाल्यास लेखन थांबवून पुन्हा जोडण्याची सोय २००० च्या सुमारास आली. तिने सीडी वाया जाणे थांबले, पण अडथळा आता केवळ मंदगतीच्या रूपात दिसतो व लपून राहतो. यूएसबीवरचा रायटर जुन्या १.१ आवृत्तीच्या वेगावर घसरला तर डीव्हीडीचा एकपट वेगही गाठत नाही.

पुरातील तबकड्या : पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरानंतर दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांतील घरांना या विषयाची वेगळी बाजू आहे. गाळाने चरे पडलेली सीडी वाचताना ड्राइव्ह वेग उतरवतो आणि तोच खंड पुन्हापुन्हा वाचतो. तिची प्रत सावकाश निघते यात सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो, आणि तेथे वेग वाढविण्याचा आग्रह धरू नये. अशी सीडी स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये : माहितीच्या गोल मार्गाच्या दिशेने पडलेला चरा आडव्या चऱ्यापेक्षा अधिक माहिती सलग खातो. नंतर सर्वांत कमी वेग निवडून प्रतिमा घ्यावी. एका ड्राइव्हवर न वाचली जाणारी सीडी दुसऱ्यावर वाचली जाते, हे अनेकदा आढळते. लग्नाची एकुलती एक सीडी टाकून देण्याआधी दोन-तीन ड्राइव्हवर लावून पाहावी.