वळीव नेमका कुठे कोसळेल, हे सकाळी का सांगता येत नाही?

हडपसरला गारांचा सडा आणि कोथरूडला नुसतीच धूळ, अशी एप्रिलची दुपार गेली की पुण्यात हवामान खात्याचा उद्धार ठरलेला. सकाळच्या अंदाजात मात्र 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असं लिहिलेलं असतं आणि त्यातल्या 'तुरळक'चं माप पक्कं आहे: क्षेत्रातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. चारांतली तीन ठिकाणं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच.

वळवाच्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष कमाल तापमानाकडे असतं. त्यापेक्षा दवबिंदू बघावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. ढगाचा तळ किती उंचीवर बनेल याचा हिशोब सोपा आहे: तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि 125 ने गुणायचं; जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये मिळते. दुपारी 39 अंश आणि आर्द्रता 30 टक्के असेल तर दवबिंदू 18 च्या आसपास येतो, म्हणजे तळ साधारण 2,600 मीटरवर. आर्द्रता 15 टक्क्यांवर घसरली की दवबिंदू 8 आणि तळ जवळजवळ 3,900 मीटरवर. पारा तोच, उकाडाही तोच वाटेल. पण दुसऱ्या ढगाचा तळच गोठणबिंदूच्या जवळ असतो आणि त्यातून पडणाऱ्या थेंबांना खाली बराच कोरडा प्रवास करावा लागतो. थेंब वाटेतच वाळतात, त्यांनी गार केलेली हवा जड होऊन खाली आदळते आणि पावसाऐवजी वावटळ मिळते. थरच्या वाळवंटात याचंच टोक दिसतं. जैसलमेरकडे 45 अंशांना दवबिंदू 5 असला तर तळ थेट 5,000 मीटरवर जातो. तिथल्या आंधीत धूळ भरपूर आणि पाणी नावापुरतं, ते यामुळे.

बाष्प असलं तरी झाकण असतं. वायव्येकडून आलेल्या कोरड्या, गरम हवेचा थर वर पसरलेला असतो आणि खालची हवा त्याला भेदू शकत नाही. हा थर किती चिवट आहे, ते सकाळी 5:30 च्या नोंदीसाठी सोडलेल्या फुग्यावरच्या रेडिओसॉन्डवरून, म्हणजे वर जाताना तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावरून, कळतं. त्या आलेखावरून दोन गोष्टी निघतात: वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा, म्हणजे 'केप', आणि झाकण फुटायला जमिनीलगत लागणारं तापमान. केप 1,000 जूल प्रतिकिलोच्या वर गेली की लक्ष ठेवायचं. 2,500 च्या वर म्हणजे प्रकरण गंभीर. पण समजा, झाकण 40 अंशांना फुटणार होतं आणि दुपारी मधल्या उंचीच्या ढगांनी सावली धरून पारा 38 वरच रोखला, तर ती सगळी ऊर्जा वाया. हा दोन अंशांचा फरक सकाळी सांगता येणं अवघड असतं, आणि बहुतेक चुकलेल्या अंदाजांचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

झाकण फुटण्याची जागा वारे ठरवतात. आग्नेयेकडचं बाष्प आणि वायव्येचे कोरडे वारे जिथे भिडतात, किंवा दुपारनंतर घाट चढून आलेला समुद्री वारा जिथे पोचतो, त्या पट्ट्यात हवा वर ढकलली जाते. शेजारच्या तालुक्यातल्या वादळातून सुटलेला गार झोतही नवा ढग उभा करतो. असा एक ढग 5-10 किमी रुंद. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली आणि 2025 पासून वापरात आलेली भारत फोरकास्ट सिस्टीम, म्हणजे अंदाजाचं संगणकीय मॉडेल, 6 किमीच्या चौकटीत हिशोब करते. तिच्या दृष्टीने अख्खं वादळ म्हणजे एक-दोन चौकटी.

म्हणून नेमकी जागा सांगायची तर वादळाआधीचे शेवटचे तीन तास रडारचे. त्यातही अडचण आहे: मुंबईत कुलाब्याच्या रडारमधून अर्ध्या अंशाने वर निघालेला किरण सुमारे 120 किमीवरच्या पुण्यापर्यंत येईतो पृथ्वीच्या गोलाईमुळे समुद्रसपाटीपासून 1.9 किमी उंचावलेला असतो आणि वाटेत सह्याद्री. त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. विजांसाठी आयआयटीएमचंच 'दामिनी' ॲप घ्यावं. आपल्याभोवती 20 आणि 40 किमीच्या वर्तुळांत वीज पडत असेल तर ते सांगतं. 20 किमीच्या आत नोंद आली की मैदान, गच्ची आणि झाडाखालचा आडोसा सोडायचा; पाऊस सुरू होण्याची वाट बघायची नाही.

उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 हवं आणि सरासरीपेक्षा 4.5 अंश जास्त हवं, किंवा मग थेट 45. एप्रिलमध्ये पुण्याची सरासरीच 38 च्या आसपास असल्याने 41 अंशांची काहिली कागदावर लाट ठरत नाही. वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी कमाल तापमान उतरतं, कारण उन्हाची बरीच उष्णता ओली माती वाळवण्यात जाते. तेच बाष्प हवेत राहिल्याने घाम मात्र वाळत नाही आणि 36 अंशांनाही आदल्या दिवशीच्या 40 पेक्षा जास्त कासावीस व्हायला होतं.