दोरी नवी, पण खुंटी कुठे?

चोपड्याकडच्या गावात माझा पुतण्या कबड्डी खेळतो. एसीएल तुटलं, ऑपरेशन झालं, वर्ष उलटलं. सरळ धावतो, पण चढाईत वळला की, “पाय सटकी ऱ्हायना, काका.” म्हणजे पाय सटकतोय. ऑपरेशनमध्ये बसवलेला ग्राफ्ट, म्हणजे नवी दोरी, शाबूत होता, तरीही.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारं लिगामेंट. ते तुटलं की बहुधा मांडीमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिचा ग्राफ्ट बसवतात. त्यासाठी दोन्ही हाडांत साधारण 7 ते 9 मिलिमीटर रुंद बोगदे पाडतात. सगळा खेळ आहे तो बोगद्याचं तोंड नेमकं कुठे उघडतं याचा.

शेताचं फाटक बिजागरीजवळ धरून पाहा. वारा आला की ते हातातून फिरतं. कडेला धरलं तर जागचं हलत नाही. ग्राफ्टचंही तसंच. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मधोमध खाच असते, एसीएल तिच्यातच असतं. वरचा बोगदा या खाचेच्या छताकडे गेला, तर ग्राफ्ट उभा राहतो, गुडघ्याच्या मध्याजवळून जातो. नडगी पुढे सरकणं तो बऱ्यापैकी रोखतो, पिळणं मात्र रोखत नाही. पूर्वी नडगीच्या बोगद्यातूनच वरचा बोगदा पाडायचे. ड्रिलची दिशा त्यानेच ठरायची आणि ही चूक सहज व्हायची. आता बरेच सर्जन गुडघा खूप वाकवून, आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून ड्रिल घालतात.

दुसरी चूक बोगदा पुढे जाण्याची. दुर्बिणीतून पाहताना हाडावरचा एक उंचवटा मागची कड वाटतो. शिकाऊ डॉक्टर तिथेच फसतात, म्हणून अमेरिकी सर्जन विल्यम क्लॅन्सी यांनी त्याला ‘रेसिडेंट्स रिज’ म्हटलं. एसीएलची खरी जागा या उंचवट्याच्या मागे असते. पुढे बसलेला ग्राफ्ट गुडघा वाकवताना ताणतो. मग निंदायला उकिडवं बसणं अवघड, नाहीतर ग्राफ्टच हळूहळू सैल पडतो. नडगीतला बोगदा फार पुढे गेला तर पाय सरळ करताना ग्राफ्ट छताला घासतो आणि गुडघा पुरता सरळ होत नाही.

ऑपरेशनला जाणारी पोरं ग्राफ्ट पकडून ठेवणारा स्क्रू कोणत्या कंपनीचा, हेच विचारतात. मला वाटतं, बोगदा कुठे घेणार आणि नंतर एक्स-रेवर जागा दाखवणार का, हे आधी विचारावं.

पुतण्याच्या सीटी स्कॅनमध्ये वरच्या बोगद्याचं तोंड छताला लागूनच दिसलं. नवा बोगदा खाली, कोऱ्या हाडात घेता येईल, असं डॉक्टर म्हणाले.