मूठभर चिखल आणि आठवड्याची मुदत

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, बांधावरून चालणाऱ्या जुन्या शेतकऱ्याची नजर भातावर कमी आणि पायाखाली जास्त असते. तो खेकड्याची भोकं शोधत असतो. दिसलं की वाकायचं, मूठभर चिखल उचलून आत कोंबायचा, टाचेनं दाबायचा आणि पुढे चालू लागायचं.

धरमतर खाडीलगतची ही शेतं उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, पाण्यापेक्षा खाली आहेत. समुद्र थोपवतो तो बाहेरकाठा, म्हणजे खाडीच्या बाजूचा मातीचा बांध. त्याच्यात जागोजागी उघाड्या, म्हणजे झडपेची दारं, असतात. उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते आणि भरती चढली की बाहेरच्या दाबानं आपसूक मिटते. ना वीज, ना पंप. पावसाळ्यात गोडं पाणी मातीतलं मीठ विरघळवतं आणि ते उघाडीतून खाडीत जातं. म्हणून तर इथे भात पिकतो. उन्हाळ्यात उलटा प्रवास. वरचं पाणी उडून जातं, खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि रानावर पांढरी खपली धरते. राता हे तांबड्या दाण्याचं भात याच खारटपणात टिकून राहिलेलं. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं त्याच्यातूनच निवडक वाण काढले.

आता भोकाकडे येऊ. भरतीला बाहेरचं पाणी उंच आणि आतलं सखल, त्यामुळे पाणी भोकातून जोरात घुसतं आणि जाताना मातीचे कण नेतं. भोक रुंदावलं की पाणी जास्त, पाणी जास्त की माती जास्त. वेग दुप्पट झाला, तर माती वाहून न्यायची ताकद दुपटीच्या कितीतरी पुढे जाते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान, भरतीला हे भोक निरुपद्रवी दिसतं. पण भांग ते उधाण हे अंतर जेमतेम आठवड्याचं. तेवढ्यात बुजवलं तर मूठभर चिखल पुरतो. नाहीतर बांधाला खांड, म्हणजे मोठं भगदाड, जाते आणि मग पोकलेन लागतो. शिवाय शेतात शिरलेल्या खाऱ्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, छिद्रं बुजतात, आणि मीठ धुऊन काढायला आलेला पाऊस वरच्यावर साचून राहतो. एका पावसाळ्यात जमीन सुधारेलच असं नाही.

पूर्वी ही डागडुजी गावकी करायची. १९४८ आणि १९७९ च्या खार जमीन कायद्यांनंतर बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगलाच होता. पण पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हे सगळं आठवड्यात बसवून दाखवा! चंद्र काही मार्चअखेरीसाठी थांबत नाही.

ही अडचण एकट्या कोकणाची नाही. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या शंभराहून अधिक सिंचन व्यवस्था ताडून पाहिल्या. दगड-मातीचे, दरवर्षी वाहून जाणारे, शेतकऱ्यांनीच सांभाळलेले बंधारे सरकारी पक्क्या बांधकामांपेक्षा कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत अधिक चांगलं पाणी पोचवत होते. कारण मला फार मार्मिक वाटतं. कच्चा बंधारा दुरुस्त करायला वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला खालच्याचे हात लागतात, म्हणून तो त्याला पाणी सोडतो. सिमेंट आलं, हातांची गरज संपली आणि खालच्याचं वजनही संपलं. सामूहिक संसाधनांवरच्या कामासाठी ऑस्ट्रॉमना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

बांगलादेशात तर परदेशी मदतीनं १९६० च्या दशकात किनाऱ्यावर मोठमोठे बांध उभे राहिले. भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पडेना, तो नदीच्या पात्रात बसला. पात्र वर आलं, आतली जमीन खाली राहिली, पावसाचं पाणी तुंबलं. शेवटी १९९० मध्ये बील डाकातिया (बील म्हणजे सखल पाणथळ भाग) इथे आणि १९९७ मध्ये बील भायना इथे लोकांनी स्वतःच बांध फोडले. गाळ आत येऊन बसू लागला. ज्याला आधी आडमुठेपणा म्हटलं, तेच तंत्र नंतर सरकारी योजनेत शिरलं.

म्हणून गावकीचे गोडवे गायचे, तर तेही खोटं होईल. खारेपाटातली जुनी एकजूट काही प्रमाणात खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, धाकाची होती. राबायचं कुळानं आणि पीक जायचं खोताच्या कोठारात. याच अन्यायाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावातला शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला. आणि आता राबायला माणसं तरी कुठे आहेत? तरणी पोरं मुंबईला, नाहीतर जवळच्या कारखान्यात. मला वाटतं, खांड सरकारनं बांधावी, पण भोकं बुजवायचं काम गावातल्याच माणसांना मजुरी देऊन वर्षभर सोपवावं. दगड-यंत्रांपुढे हा खर्च किरकोळ आहे, पण तो मांडायला अंदाजपत्रकात रकाना लागेल.

सध्या होतं असं, की खांड दोन-चार वर्षं तशीच राहते. भरतीबरोबर बिया येतात आणि शेतात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, रुजतात. तिवर बांधाबाहेर असेल तर लाटा अडवणारा मित्र. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी घातली ती योग्यच होती. पण इथे ते बांधाच्या आत उगवलेलं असतं. सात-बारावर भात, समोर कांदळवन, आणि कोयता हातात धरायची सोय नाही.