शोनिंगनचे भाले: घोड्यांच्या कळपापर्यंत पोचायचे कसे

आदिमानवाची शिकार म्हटली की डोळ्यांपुढे येतो दगडी पाते बांधलेला भाला आणि अंगावर चालून येणारा मॅमथ. पण मोठ्या जनावरांच्या शिकारीचा सर्वांत बोलका पुरावा मिळाला आहे तो नुसत्या लाकडाच्या भाल्यांचा, आणि ती शिकार होती घोड्यांची. जागा आहे जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात, शोनिंगन गावाजवळच्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणीत. पुरातत्त्वज्ञ हार्टमुट टीमे यांच्या पथकाला 1994 पासून पुढच्या काही वर्षांत तिथे भाले, फेकायच्या काठ्या आणि त्यांच्या आजूबाजूला वीसहून अधिक घोड्यांची हाडे सापडली. हाडांवर चकमकीच्या दगडाने कापल्याच्या खुणा आहेत. नळ्या फोडून आतली मज्जा काढलेली आहे.

लाकूड इतके टिकले हेच मोठे नवल. एरवी ते काही वर्षांत कुजते आणि मागे उरतो फक्त दगड. आपल्याकडे प्रवरेकाठी नेवाशाला हातकुऱ्हाडी मिळतात, पण त्या वापरणाऱ्यांच्या हातातल्या लाकडी वस्तूंबद्दल त्या काही सांगू शकत नाहीत. शोनिंगनला मात्र तळ्याकाठच्या चिखलात भाले गाडले गेले, वर गाळाचे थर चढले आणि जमीन कायम पाण्याने भिजलेली राहिली. प्राणवायू पोचला नाही, म्हणून कुजवणारे जीव वाढले नाहीत. या भाल्यांचे वय आधी 4 लाख वर्षे मानले जाई, मग 3 लाख. 2025 साली त्याच थरातल्या गोगलगायींच्या शंखांच्या झाकणांमधली अमिनो आम्ले तपासली गेली आणि आकडा सुमारे 2 लाखांवर आला. म्हणजे हे काम निअँडरथलांचे, आता नामशेष झालेल्या आदिमानवांचे.

आता भालाच हातात घेऊन पाहू. लांबी साधारण 2 ते अडीच मीटर, जाडी 3 ते 5 सेंटिमीटर. बहुतेक भाले स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे आहेत, एक पाइनचा. ही फांदी नव्हे, अख्खे कोवळे झाड आहे. झाड निवडतानाच अर्धे काम झालेले असते. थंडीत हळूहळू वाढलेल्या झाडाच्या वार्षिक कड्या दाट असतात आणि असे लाकूड जास्त टणक निघते. तशी झाडे तळ्याकाठी नव्हती. ती लांबून आणलेली होती. घोडे दिसले आणि काठी उचलून धावले, असा हा मामला नव्हता.

झाड पाडले की साल सोलायची, फांद्या छाटायच्या आणि जिथे फांदी फुटली होती तिथली गाठ तासून अंगाच्या सपाटीला आणायची. गाठ वर राहिली तर फेकताना हाताला अडते आणि जखमेत शिरताना भाला तिथेच अटकतो. मग टोक. ते शेंड्याकडे काढत नाहीत, बुंध्याकडे काढतात, कारण बुंध्याचे लाकूड सर्वांत घट्ट आणि जड असते. त्यामुळे भाल्याचे वजनही पुढच्या बाजूला येते आणि हवेत तो टोक पुढे ठेवून सरळ जातो.

खरी कारागिरी टोकातच दिसते. खोडाच्या मधोमध भेंड असते, मऊ आणि ठिसूळ. सगळ्या बाजूंनी सारखे तासत गेलो तर नेमके तेच टोकावर येते आणि हाडावर आदळले की टोक चिरते किंवा चेपते. शोनिंगनच्या अनेक भाल्यांत टोक मुद्दाम एका बाजूला सरकवले आहे. भेंड टोकाच्या थोडे अलीकडे, अंगातूनच बाहेर पडते आणि अणकुचीवर येते ते फक्त कठीण लाकूड. सुतारकाम जाणणाऱ्याला यामागचा अनुभव लगेच कळेल. हे एका दिवसात सुचण्यासारखे नाही. आधी पुष्कळ टोके मोडलेली असणार.

असा भाला फेकायचा की खुपसायचा, यावर बरीच वर्षे वाद होता. लाकडी भाला फार तर 10 मीटरपर्यंत कामाचा, असे मत रूढ होते. 2019 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी शोनिंगनच्या एका भाल्याच्या स्प्रूसच्या प्रतिकृती बनवून घेतल्या. त्यांचे वजन 760 आणि 800 ग्रॅम होते. सहा सरावलेल्या भालाफेकपटूंच्या हातून त्यांनी त्या फेकवून पाहिल्या. 20 मीटरवरच्या लक्ष्यावरही नेम लागला आणि आघात जनावर मारण्याइतका जोरदार होता. फेकण्याचा पल्ला एवढा तरी नक्की होता. पण 20 मीटर म्हणजे किती? घोड्याला वास आणि चाहूल त्याच्या कितीतरी आधी लागते. म्हणून माझ्या मते या शिकारीतला सर्वांत अवघड भाग फेक नव्हे, तिथवर पोचणे हा आहे.

तळ्याचा काठ कामी येतो तो इथे. घोडे पाण्यावर येतात, एका बाजूला पाणी असते आणि पायाखाली खूर रुतणारा चिखल. वाऱ्याची दिशा सांभाळून दबा धरता येतो. कळप उधळला तरी पळायच्या वाटा मोजक्या, आणि त्या वाटांवर माणसे उभी करता येतात. एकट्याने हे जमत नाही: कोणी हुसकावणारा हवा, कोणी वाट अडवणारा. सुरुवातीला वाटले होते की सगळे घोडे एकाच हल्ल्यात मेले. नंतरच्या अभ्यासातून दिसते की वेगवेगळ्या ऋतूंत, अनेकदा इथे शिकार झाली. माणसे त्याच काठावर पुन्हा पुन्हा येत होती. जिथे आधी चुली आहेत असे वाटले, तिथली माती तपासल्यावर मात्र आगीचा पुरावा टिकला नाही.

लाकडी टोकाची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. दगडी पात्याला धार असते, ते कापत जाते आणि रक्त वाहते. लाकडी टोक भोक पाडते. ते फुप्फुसात गेले तर जनावर लवकर ढासळते, पण खांद्याच्या रुंद हाडावर बसले तर भाला उडून पडतो. म्हणून नेम बरगड्यांमागे धरायचा, जवळ जाऊन पुन्हा खुपसायचे आणि जखमी जनावराच्या लाथेपासून सांभाळून राहायचे. जर्मनीतच नॉयमार्क-नॉर्ड येथे सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीच्या दोन हरणांच्या हाडांवर अशा जखमा सापडल्या, एकाच्या कमरेच्या हाडात आणि दुसऱ्याच्या मानेच्या मणक्यात. प्रतिकृती वापरून केलेल्या प्रयोगांनुसार कमरेच्या हाडातला घाव कमी वेगाने, खालून वर आला होता. म्हणजे भाला हातातच धरून खुपसला होता, आणि शिकारी हरणाच्या अगदी अंगाशी होता.

याच कसबाच्या बळावर माणूस हत्तीपर्यंतही पोचला. 1948 साली जर्मनीतल्याच लेरिंगेनजवळच्या चुनखडीमिश्र मातीच्या खाणीत सरळ सुळ्यांच्या हत्तीच्या सांगाड्याबरोबर यू झाडाचा भाला मिळाला, 2.38 मीटर लांब, बरगड्यांमध्ये. आणि नॉयमार्क-नॉर्डलाच, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, अशा सत्तरएक हत्तींना सोलून-कापून नेल्याच्या खुणा हाडांवर आहेत. त्यांत बहुतेक मोठे नर. कारण उघड आहे: माद्या कळपात राहतात, नर एकटा फिरतो. एकट्याला चिखलात किंवा कोंडीत अडकवणे तुलनेने सोपे.

पण 10 टनांचा हत्ती पडला की नवी अडचण उभी राहते. मांस तर आहेच, पण चरबीही तितकीच महत्त्वाची, कारण शरीर नुसत्या प्रथिनांवर चालत नाही. उष्मांकांचा साधारण तिसरा हिस्सा प्रथिनांतून आला की यकृत आणि मूत्रपिंडांवर ताण पडू लागतो. म्हणून तळपायांतल्या चरबीच्या गाद्यासुद्धा खरवडून काढलेल्या दिसतात. संशोधकांच्या हिशेबाने असा एक हत्ती सोलायला 25 माणसांना 3 ते 5 दिवस लागतील, आणि त्यातून एका प्रौढाला एक दिवस पुरेल असे सुमारे 2500 वाटे निघतील. 25 जणांच्या टोळीला हे शंभर दिवस पुरते. पण तोवर मांस सडून जाणार. तेव्हा एकतर ते वाळवून किंवा धुरावर धरून ठेवायची युक्ती या लोकांना माहीत होती, नाहीतर अशा वेळी आसपासच्या अनेक टोळ्या एका जागी जमत होत्या, आणि निअँडरथल नेहमी विशी-पंचविशीच्या लहान गटांतच राहत असे हे जुने चित्र तरी बदलावेच लागते.