कू चीची भुयारं, आपला जांभा आणि लाव्हाची थाप

माझा मावसभाऊ गेल्या महिन्यात व्हिएतनाम फिरून आला आणि फॅमिली ग्रुपवर कू चीच्या भुयारांचे चाळीसेक फोटो टाकले, खाली लिहिलं "इथली माती लाव्हाची आहे म्हणून सिमेंटसारखी घट्ट, अगदी आपल्या जांभ्यासारखी". त्यावर काकांनी लगेच एक रील पाठवलं, "शास्त्रज्ञांनाही न उलगडलेलं रहस्य" वगैरे. आता माझं अर्धं बालपण देवगडकडे चिरेखाणीच्या कडेला गेलंय, त्यामुळे मला काही गप्प बसवलं नाही.

आधी भूगोल थोडक्यात. कू ची म्हणजे हो ची मिन्ह सिटीच्या, जुन्या सायगॉनच्या, वायव्येकडचा ग्रामीण जिल्हा. कागदावर आता तो जिल्हा राहिला नाही, 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने जिल्हा हा थरच काढून टाकला, पण लोक कू चीच म्हणतात. रबराच्या बागा, भाजीपाला, दुभत्या गाई, बाजूने वाहणारी सायगॉन नदी. व्हिएतनामी गनिमांनी ही लपायची भुयारं खणायला सुरुवात केली 1940 च्या दशकाच्या शेवटी, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत. मग 1960 च्या दशकात अमेरिकनांविरुद्ध ती वाढत वाढत 200 किलोमीटरच्या वर गेली, तीन मजल्यांची, सगळ्यात खालचा मजला आठ-दहा मीटर खोल. आणि हे सगळं कुदळ-फावड्याने खणलेलं, बहुतेक ठिकाणी आतून ना विटा ना काँक्रीट.

तर मुद्दा हा की ही माती उभी कशी राहते, आणि लाव्हाचा त्यात काय संबंध. संबंध शून्य. कू चीची जमीन म्हणजे नद्यांनी फार पूर्वी आणून टाकलेला जुना गाळ. त्यात चिकणमाती आहे आणि व्हिएतनामी लोक ज्याला 'दा ओंग' म्हणतात ते आहे, शब्दशः मधमाशीचा दगड, पोळ्यासारखी भोकं असलेला. फोटो बघाल तर कोकणातला माणूस डोळे झाकून जांभा म्हणेल. बरोबरच आहे, दोन्ही लॅटेराइटच. हे नाव पण आपल्या बाजूचंच, 1807 साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्जनने केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड बघून दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोक तो जमिनीतून लोखंडी हत्याराने सहज कापतात आणि वाऱ्यावर ठेवला की विटेसारखा कडक होतो, हे त्याने लिहून ठेवलंय. आपले चिरेवाले हेच सांगतात, फक्त त्यांना लॅटिन येत नाही.

कोकणात गोंधळ का होतो तर आपला जांभा बऱ्याच ठिकाणी काळ्या कातळावर, म्हणजे बसॉल्टवर बसलाय, आणि बसॉल्ट खरंच लाव्हाचा. त्यात भोकं दिसली की माणूस म्हणणार वायूचे बुडबुडे. पण अंगाडिपुरमला खाली लाव्हा नाही, कू चीला तर नदीचा गाळ, तरी दगड तोच. खालचा खडक कोणता यापेक्षा वरून पाऊस किती आणि ऊन किती याला महत्त्व आहे.

आता माझा आवडता भाग, जरा धीर धरा. गरम हवामानात हजारो-लाखो वर्षं पाऊस पडत राहिला की पाणी खडकातलं कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम धुऊन नेतं, हळूहळू सिलिकाही नेतं, आणि मागे राहतं ते लोह आणि ॲल्युमिनियम, कारण ते पाण्यात सहजी विरघळत नाहीत. पण लोहाची एक खोड आहे. पावसाळ्यात भूजल वर येतं, मातीतला ऑक्सिजन संपतो, सूक्ष्मजीव लोहाला फेरस रूपात आणतात आणि फेरस लोह विरघळतं, पाण्याबरोबर सरकतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हवा आत शिरते, तेच लोह फेरिक होतं आणि जिथे असेल तिथे गंजासारखं बसतं, गोएथाइट आणि हेमाटाइट म्हणून. पिवळा-तपकिरी रंग पहिल्याचा, लाल दुसऱ्याचा. दर वर्षी थोडं सरकायचं, थोडं बसायचं. असं होता होता लोहाची एक जाळी तयार होते आणि जाळीच्या मधल्या जागी मऊ पांढुरकी चिकणमाती उरते, केओलिनाइट. ती माती उघड्यावर धुऊन गेली की राहतात ती भोकं. बुडबुडे नाहीत हो, धुऊन गेलेली माती!

आणि गंमत म्हणजे हा थर जमिनीखाली दमट असेपर्यंत मऊच असतो. उघडा पडला, वाळला, भिजला, परत वाळला की लोहाचे कण स्फटिक होऊन एकमेकांना घट्ट धरतात आणि मग कितीही पाणी ओता, मऊ होत नाही. म्हणजे खणताना माती ऐकते आणि खणून झाल्यावर हट्टी होते. भुयार खणणाऱ्याला अजून काय हवं?

पण सगळं श्रेय लोहाला देऊ नका, कारण कू चीची प्रत्येक भिंत जांभ्याची नाही, बरीच साधी घट्ट चिकणमातीच आहे. तिथे दुसरं कारण. कू ची शहराच्या दक्षिणेकडच्या न्हा बे, कान झ्यो या दलदलीच्या भागांपेक्षा उंचावर आहे, भूजल खोल राहतं, त्यामुळे वरची माती ओलसर पण पाण्याने भरलेली नाही. अशा मातीत कणांमधलं थोडंसं पाणी कणांना आत खेचून धरतं, किनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला टिकतो तसं. कान झ्योच्या खारफुटीत हेच भुयार खणायला गेलात तर विहीर होईल.

थोडा हिशोब करतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाठा. एक घनमीटर माती साधारण 2 टन, म्हणजे 6 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला 12 टन भार. घट्ट चिकणमातीची कातरबल, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर, सोसायची ताकद दर चौरस मीटरला 10 टनांच्या आसपास धरा. भार भागिले ताकद, 1.2. चिकणमातीतल्या बोगद्याला हा आकडा सहाच्या जवळ गेला की कोसळायची भीती. त्यात कू चीचं भुयार रुंदीला मीटरपेक्षाही कमी आणि छत कमानीसारखं, म्हणजे भार वाकवत नाही, दाबत दाबत बाजूला उतरतो. छत सपाट ठेवून रुंदी दुप्पट केली असती तर वाकवणारा जोर चौपट झाला असता. वाकून, रांगत जावं लागतं ते फक्त शत्रूला अडवायला नाही, त्यात छत टिकवायचा हिशोबही आला.

एवढं सांगितल्यावर काकांचं म्हणणं, म्हणजे बॉम्बनेही काही झालं नाही ना? झालं की. जानेवारी 1966 मध्ये ऑपरेशन क्रिम्पमध्ये अमेरिकन सैन्याने भुयारात धूर आणि वायू सोडले, नंतर बी-52 विमानांच्या मोठ्या बॉम्बनी वरचे मजले कोसळलेही, माणसं आत गाडली गेली. शिवाय आत मलेरिया आणि जंत. माती घट्ट होती, अभेद्य नव्हती. "रहस्य" म्हणून रील बनवणाऱ्यांना यातलं काहीच दाखवायचं नसतं. आमच्या सड्यावरचा नारळ हातात धरून पाणी शोधणारा पाणाड्या आणि हे रीलवाले एकाच शाळेतले. जांभ्याला भोकं आहेत, पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या कमी झिरपणाऱ्या थरावर साठतं, मग नारळ उभा राहो की आडवा, योग्य खोलीला पाणी लागायची शक्यता आधीच बरी असते.

मावसभावाला तिथे उकडलेला टॅपिओका शेंगदाणा-तीळ-मिठाच्या कुटाबरोबर खायला दिला, भुयारातल्या लोकांचं तेव्हाचं हेच खाणं. साबुदाणा ज्याचा होतो तोच हा कंद, त्यामुळे उपासाला चालतो की नाही यावर ग्रुपवर वेगळी चर्चा झाली. शेवटी त्याने मला भिंतीचा जवळून काढलेला एक फोटो पाठवला, लाल-पिवळे ठिपके अगदी स्पष्ट आणि त्यावर कुदळीचे वार. मी खूश झालो, म्हटलं बघ, साठ वर्षांपूर्वीचे वार तसेच! मग लक्षात आलं की तो भाग पर्यटकांना जाता यावं म्हणून नंतर रुंद केलेला आहे.

वार कुणाचे ते आता त्यालाही विचारून उपयोग नाही.